अठराच्या अठरा संघांना खेळू द्या : एसीसीला खुले पत्र

प्रति,
आयुक्त, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, शार्लट
आणि अठरा सदस्य विद्यापीठांचे अध्यक्ष व क्रीडा संचालक

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणं मागून. आपली कॉन्फरन्स, एसीसी, म्हणजे अठरा अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडा संघांची संघटना. तिच्या बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत २०२५ पासून अठरापैकी पंधराच संघांना प्रवेश मिळू लागला. तळाचे तीन संघ साखळी संपली की घरी. हा नियम रद्द करावा आणि कॉन्फरन्समधल्या प्रत्येक संघाला मार्चमध्ये निदान एक सामना खेळायला मिळावा, एवढीच माझी विनंती आहे.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला वेगळी पाठवते आहे. मराठीत लिहिण्याचं कारण साधं आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या राली, केरी, मॉरिसव्हिल, डरहॅम या पट्ट्यात आज इतकी मराठी घरं आहेत की शनिवारी किराणा दुकानात भाजी निवडताना कानावर मराठी पडतं. या घरांतली मुलं एनसी स्टेटला (नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ), चॅपल हिलला (नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ), ड्यूकला शिकतात, त्यांचे रंग अंगावर घालून फिरतात. आईवडिलांना मात्र बऱ्याचदा ठाऊक नसतं की मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात या राज्याला नेमकं काय होतं. त्यांनीही हे वाचावं, पटलं तर सोबत सही करावी, म्हणून मराठीत.

मी इचलकरंजीची. घरात यंत्रमाग होते, त्यामुळे वस्त्रोद्योगाचं शिक्षण घेऊन १९९६ च्या ऑगस्टमध्ये मी एनसी स्टेटच्या टेक्स्टाइल कॉलेजात आले. बास्केटबॉलशी माझा संबंध शाळेच्या मैदानातल्या जाळी नसलेल्या एका रिंगपुरता होता. विणकामाच्या प्रयोगशाळेत माग सांभाळणारे एक वयस्क गृहस्थ होते. उमेदीची वर्षं त्यांनी कापड गिरणीत काढली होती. आमच्याकडे त्यांना जॉबर म्हटलं असतं. मागाचा नुसता आवाज ऐकून कुठला भाग ढिला झालाय ते सांगायचे, अगदी माझ्या वडिलांसारखे. १९९७ च्या मार्चमध्ये त्यांनी प्रयोगशाळेच्या दारावर एक कागद चिकटवला. आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता, डावीकडे नऊ संघांची नावं, उजवीकडे टोकाला एक मोकळी जागा. आमचा संघ नऊमध्ये आठवा होता. साखळीतले सोळापैकी चार सामने जिंकलेला. मी विचारलं, इतका हरलेला संघ इथे कसा? ते म्हणाले, ‘इथे सगळेच असतात.’

त्या वर्षी आठवा संघ नवव्याशी खेळला आणि जिंकला. मग पहिल्या मानांकनाच्या ड्यूकला हरवलं. मग मेरीलँडला. रोज सकाळी जॉबर पेन्सिलने एनसी स्टेटचं नाव एक घर पुढे लिहायचे, आणि प्रयोगशाळेत येणारा प्रत्येक जण आधी त्या दाराशी थांबायचा. अंतिम सामन्यात चॅपल हिलने आम्हाला ६४-५४ असं हरवलं. त्यांचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांचं ते तेरावं आणि शेवटचं एसीसी अजिंक्यपद. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते निवृत्त झाले. आम्ही हरलो तरी तो कागद मे महिन्यापर्यंत दारावर होता. मी या स्पर्धेची झाले ती त्या चार दिवसांत.

पुढची काही वर्षं त्या जॉबरांकडून आणि त्यांच्या मित्रांकडून मी या स्पर्धेचा इतिहास ऐकला, मग मिळेल ते वाचलं. आपल्या दालनांत तो छायाचित्रांच्या चौकटीत टांगलेला असेलच. तरी आज तो पुन्हा सांगावासा वाटतो, कारण २०२५ चा नियम त्या इतिहासाशी जुळत नाही.

मे १९५३ मध्ये ग्रीन्सबरोजवळच्या सेजफील्ड इनमध्ये सात विद्यापीठं सदर्न कॉन्फरन्समधून बाहेर पडली : क्लेम्सन, ड्यूक, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना, एनसी स्टेट, साउथ कॅरोलायना आणि वेक फॉरेस्ट. वर्ष संपायच्या आत व्हर्जिनिया आली आणि आठाचा आकडा पुरा झाला. पहिली स्पर्धा मार्च १९५४ मध्ये आमच्याच आवारातल्या रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये झाली. एनसी स्टेटने वेक फॉरेस्टला जादा वेळेत ८२-८० असं हरवलं. पुढे १९६६ पर्यंत स्पर्धा तिथेच होत राहिली. एखाद्या संघाच्या स्वतःच्या मैदानावर कॉन्फरन्सचं अजिंक्यपद ठरावं हे इतरांना खटकणारच, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

त्या काळाचे सूत्रधार एनसी स्टेटचे प्रशिक्षक एव्हरेट केस. इंडियानाच्या शाळाशाळांतलं बास्केटबॉलचं वेड त्यांनी या तंबाखू आणि कापडाच्या राज्यात आणून रुजवलं. जिंकल्यावर शिडी लावून जाळी कापायची रीत इकडे आणली तीही त्यांनीच. प्रकृतीने साथ सोडल्यामुळे १९६४-६५ च्या हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांनी प्रशिक्षकपद सोडलं. त्याच मार्चमध्ये एनसी स्टेटने ड्यूकला ९१-८५ असं हरवून अजिंक्यपद मिळवलं, आणि खेळाडूंनी त्या आजारी माणसाला उचलून रिंगपर्यंत नेलं, जाळीचा शेवटचा धागा त्यांच्या हातून कापवला. पुढच्या वर्षी ते गेले. रालीजवळ महामार्ग ७० च्या कडेला त्यांची कबर आहे. डरहॅम आणि चॅपल हिलला सामन्याला निघालेल्या संघाला हात करता यावा म्हणून ती जागा त्यांनी निवडली, असं इथे सांगतात. मी त्या रस्त्याने कित्येक वर्षं कामावर जात होते. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूला आपण आजही त्यांच्याच नावाचा पुरस्कार देता.

आठच्या आठ संघ खेळायचे. तीन दिवस, तीन फेऱ्या. आणि देशभरच्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेला कॉन्फरन्समधून एकच संघ जायचा, तो या तीन दिवसांचा विजेता. साखळीत कोण पहिलं आलं याला तिथे किंमत नव्हती. १९६१ पासून तर आपल्या नियमावलीतच लिहिलं गेलं की या स्पर्धेचा विजेता हाच कॉन्फरन्सचा अजिंक्यवीर. कुणाला हे क्रूर वाटेल. १९५७ मध्ये फ्रँक मॅग्वायर यांचा चॅपल हिलचा संघ एकही सामना न हरता स्पर्धेत उतरला. उपांत्य फेरीत गाठ वेक फॉरेस्टशी, ज्यांना त्यांनी आधीच तीनदा हरवलं होतं. शेवटच्या मिनिटात लेनी रोझेनब्लूथने बास्केट केली, वर फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेली मोकळी फेकही साधली, आणि सामना ६१-५९ असा कसाबसा सुटला. दोन गुणांनी तो सारा हंगाम मातीला मिळाला असता. पुढे त्याच संघाने कॅन्ससला, म्हणजे विल्ट चेंबरलेनच्या संघाला, तीन जादा डावांनंतर ५४-५३ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं. बत्तीसपैकी बत्तीस. तो सामना दूरचित्रवाणीवर पाहून हे राज्य या खेळाने झपाटलं ते कायमचं.

ज्यांचा हंगाम खरोखर मातीला मिळाला तेही सांगायला हवेत. १९७० मध्ये साउथ कॅरोलायनाने साखळीतले चौदाच्या चौदा सामने जिंकले. राष्ट्रीय स्पर्धेची पूर्व विभागाची फेरी त्या वर्षी त्यांच्याच शहरात, कोलंबियात होती. स्पर्धेत त्यांच्या जॉन रोश या खेळाडूचा घोटा दुखावला आणि अंतिम सामना दुसऱ्या जादा वेळेत ४२-३९ असा एनसी स्टेटकडे गेला. स्वतःच्या दारातली फेरी त्यांनी पाहुण्यांची पाहिली. पुढच्या वर्षी त्यांनी स्पर्धा जिंकली, ५२-५१, आणि कॉन्फरन्सच सोडली.

१९६८ चा उपांत्य सामना मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आकडा ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. एनसी स्टेट १२, ड्यूक १०. मध्यंतराला ड्यूक ४-२ पुढे. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू रिंगकडे टाकायला लावणारं घड्याळ, नव्हतं. ड्यूकचे उंच खेळाडू रिंगपाशी ठाण मांडून बसले तर आपण चेंडू हातातच धरून ठेवायचा, असा एनसी स्टेटचे प्रशिक्षक नॉर्म स्लोन यांचा डाव. लोक ओरडले, चिडले. पण दुबळ्या संघाला अंतिम फेरीत न्यायची ती एकच वाट होती, आणि ती त्यांनी काढली. दुसऱ्या दिवशी चॅपल हिलने त्यांना ८७-५० असं झोडपलं, ही गोष्ट वेगळी.

आता १९७४. त्याबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमणार नाही.

९ मार्च, शनिवारची रात्र, ग्रीन्सबरो कोलिझियम. प्रशिक्षक एनसी स्टेटचे स्लोन, मेरीलँडचे लेफ्टी ड्रिझेल. आदल्या वर्षी एनसी स्टेट सत्तावीसपैकी सत्तावीस जिंकूनही शिक्षेमुळे राष्ट्रीय स्पर्धेला मुकली होती. इकडे डेव्हिड टॉम्प्सन, पाच फूट सात इंचांचा माँटी टो आणि सात फुटांहून उंच टॉम बर्लसन. तिकडे टॉम मॅकमिलन, लेन एल्मोर आणि जॉन लुकास. दोघेही देशातल्या मोजक्या उत्तम संघांपैकी, आणि पुढे जाणार एकच. बर्लसनला त्या वर्षीच्या कॉन्फरन्सच्या पहिल्या निवड संघात जागा मिळाली नव्हती. सेंटरची, म्हणजे रिंगपाशी खेळणाऱ्या उंच खेळाडूची, ती जागा एल्मोरकडे गेली होती. त्या रात्री त्याने एल्मोरसमोर ३८ गुण केले. मेरीलँडने सुरुवातीला मोठी आघाडी घेतली, मध्यंतराला ते ५५-५० पुढे होते, चाळीस मिनिटं संपली तेव्हा ९७-९७. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेषा नाही, शॉट क्लॉक नाही, आणि तरी दोन्ही बाजूंनी शंभर गाठली. जादा वेळेच्या अखेरीस टोने चेंडू दिला, फिल स्पेन्सने तो टाकला, १०१-१००. मग टोचे दोन फ्री थ्रो. १०३-१००.

आमचे जॉबर तो सामना गिरणीजवळच्या भाड्याच्या घरात दूरचित्रवाणीवर बघत होते. दुसऱ्या पाळीचे लोक सुटून थेट त्यांच्याकडे आलेले, कपड्यांवर कापसाची पिंज तशीच. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी उभं राहिलं आणि मग कुणी बसलंच नाही. आम्ही जिंकलो तेव्हा खोलीत ओरडा कमी आणि सुस्कारे जास्त होते, असं ते सांगायचे. आणि नंतरची एक गोष्ट सांगताना त्यांचा आवाज दर वेळी उतरायचा : लेफ्टी ड्रिझेल एनसी स्टेटच्या बसमध्ये चढले, ज्यांनी नुकतंच आपला हंगाम संपवला त्या मुलांचं अभिनंदन केलं आणि आता राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून या म्हणाले. त्यांनी ते जिंकलं, वाटेत कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाची सलग सात विजेतेपदांची मालिका मोडून. मेरीलँड घरी बसली.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धा बत्तीस संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघांना प्रवेश मिळू लागला. मेरीलँडसारखा संघ बाहेर राहतो हे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावर तो बदल टाळणं कुणाला शक्यच नव्हतं. मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. एका चांगल्या संघावर दार बंद झालं, ते सगळ्यांना टोचलं, आणि दार रुंद केलं गेलं. आपल्या कॉन्फरन्समुळे देशाचा खेळ बदलला. १९८२ चा अंतिम सामना आठवा : चॅपल हिलने शेवटची कितीतरी मिनिटं चेंडू हातात धरून व्हर्जिनियाला ४७-४५ असं हरवलं, साऱ्या देशाने ते पाहिलं, आणि पुढच्याच हंगामात आपण ३० सेकंदांचं घड्याळ आणि तीन गुणांची रेषा लावून पाहिली. राष्ट्रीय पातळीवर ते सगळं नंतर आलं. चुकीचं दिसलं की सुधारायचं, ही आपल्याच घरची सवय आहे. मी तीच पुन्हा मागते आहे.

दाराबद्दल लिहिते आहे तर एक गोष्ट टाळता येणार नाही. या स्पर्धेच्या पहिल्या बारा वर्षांत मैदानावर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ज्या ग्रीन्सबरोत आपली कॉन्फरन्स जन्मली, तिथेच १९६० मध्ये चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या खानावळीत गोऱ्यांसाठी राखलेल्या जागेवर जाऊन बसले होते. मेरीलँडचा बिली जोन्स १९६५ मध्ये आला, तो आपल्या कॉन्फरन्सच्या बास्केटबॉलमधला पहिला. १९६९ च्या अंतिम सामन्यात चॅपल हिल ड्यूकविरुद्ध मागे पडलेली असताना तिच्या चार्ली स्कॉट या कृष्णवर्णीय खेळाडूने एकट्याने ४० गुण केले, त्यातले २८ दुसऱ्या अर्धात, आणि सामना ८५-७४ असा फिरवला. त्या वर्षी मत देणाऱ्यांपैकी काहींनी त्याचं नाव निवड संघाच्या यादीतही घातलं नव्हतं. हा अन्याय आणि आजचा पंधरा संघांचा नियम एका तराजूत तोलण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण सावळ्या रंगाची, साडीत पदवीदान स्वीकारलेली एक बाई या स्पर्धेला ‘आमची’ म्हणते, ते आपण दार वेळोवेळी उघडत आलात म्हणून. ते कुणावर तरी बंद होताना दिसलं की मला राहवत नाही.

या राज्यात शिकलेल्या कुणालाही शाळेतला तो शुक्रवार विचारा. एसीसीच्या शुक्रवारी शिक्षक चाकांच्या गाडीवरचा टीव्ही वर्गात ढकलत आणायचे. फळ्यावर भागाकार अर्धवट, खडूचा डस्टर टीव्हीवर ठेवलेला, आणि मुलं दुपारचा सामना बघताहेत. माझ्या मुलीच्या शाळेत ती गाडी जाऊन भिंतीवरचा पडदा आला, पण शुक्रवार राहिला होता. मैदानातलं तिकीट कधी सामान्य माणसाच्या वाट्याला फारसं आलं नाही. ती बहुतेक विद्यापीठांच्या देणगीदारांकडे जायची. जॉबरांनी उभ्या आयुष्यात एकही सामना कोलिझियममध्ये बसून पाहिला नाही. त्यांच्या वाट्याला टीव्ही आणि दारावरचा तक्ता. त्या तक्त्यावर आपल्या संघाचं नाव आहे, एवढ्यावर लाखो माणसांचा मार्च साजरा व्हायचा.

२०२४ मध्ये संघ पंधरा होते आणि पंधराही खेळले. एनसी स्टेट दहावी. सतरा विजय, चौदा पराभव, प्रशिक्षकांची नोकरी जाणार अशी गावभर चर्चा. स्पर्धा वॉशिंग्टनला. मंगळवारी लुइव्हिलला हरवलं, बुधवारी सिरॅक्यूजला, गुरुवारी ड्यूकला. शुक्रवारी रात्री व्हर्जिनियाविरुद्ध तीन गुणांनी मागे, काही सेकंद उरलेले, आणि त्यांचा फ्री थ्रो चुकला. मायकल ओ’कॉनेल चेंडू घेऊन धावत सुटला, धावता धावताच त्याने तो फेकला, फळीवर आपटून चेंडू आत गेला आणि भोंगा वाजला. मी स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यापाशी उभी होते. मुलगी बाहेरून किंचाळली, मी धावले, दूध उतू गेलं. जादा वेळेत आम्ही ७३-६५ असे जिंकलो. शनिवारी चॅपल हिल, ८४-७६. पाच दिवसांत पाच विजय. १९८७ नंतर सदतीस वर्षांनी पहिलं अजिंक्यपद. आणि तोच संघ पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत पोचला. या स्पर्धेत न जिंकता तो राष्ट्रीय स्पर्धेत गेलाच नसता.

मग २०२५. स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया आणि सदर्न मेथडिस्ट (एसएमयू) ही विद्यापीठं आली, संघ अठरा झाले, आणि तक्ता पंधराचाच राहिला. बाहेर राहिले बॉस्टन कॉलेज, मायामी आणि एनसी स्टेट. गतविजेत्या संघाला आपलं अजिंक्यपद राखायला कोर्टवर उतरताही आलं नाही. मायामी २०२३ मध्ये अंतिम चारांत होती, एनसी स्टेट २०२४ मध्ये. म्हणजे बाहेर ठेवलेल्या तिघांपैकी दोघे लागोपाठच्या दोन वर्षांत देशातल्या शेवटच्या चारांत पोचलेले. आमचा संघ त्या हंगामात वाईट खेळला हे मी नाकारत नाही. पण १९९७ चा संघही वाईटच खेळला होता, आणि त्याला चार दिवस मिळाले होते. त्या वर्षी दार बंद असतं तर मला या खेळाची ओळखच झाली नसती.

महिलांच्या स्पर्धेलाही हाच पंधराचा नियम लागला. १९७८ पासून चालत आलेली आणि एकविसाव्या शतकात बहुतेक वर्षं ग्रीन्सबरोनेच सांभाळलेली ती स्पर्धा आहे. माझी विनंती दोन्हींसाठी आहे.

आपली अडचण मला समजते. पंधरा संघांत पाच दिवसांत चौदा सामने होतात, मंगळवारी तीन, बुधवारी आणि गुरुवारी चार-चार, मग दोन, मग एक. वाहिन्यांच्या वेळा, मैदानाचं भाडं, संघांची राहण्याची सोय, सगळं त्या गणितावर बसवलेलं. अठरा संघ घेतले तर सामने होतात सतरा. फक्त तीन वाढतात. तेराव्याचा सामना अठराव्याशी, चौदाव्याचा सतराव्याशी, पंधराव्याचा सोळाव्याशी, तिन्ही सोमवारी. मैदान सोमवारी मिळत नसेल तर वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठाच्या स्वतःच्या कोर्टवर घ्या. तिथल्या विद्यार्थ्यांना तिकीट मिळेल, जे त्यांना एरवी मिळत नाही. तीन विजेते मंगळवारी दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या संघासमोर उभे राहतील आणि पुढचा सगळा तक्ता आज आहे तसाच राहील. साउथईस्टर्न या दुसऱ्या कॉन्फरन्सचे सोळाही संघ २०२५ मध्ये त्यांच्या स्पर्धेत खेळले, बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचेही सोळा खेळले. आपल्याला दोनच जास्त आहेत.

कुणी म्हणेल, तळाचा संघ सहा दिवसांत सहा सामने जिंकणार आहे का? बहुधा नाही. मुलांच्या पायांवर ताण येईल हेही खरं, आणि डॉक्टरांनी त्यावर आक्षेप घेतला तर मी त्यांचं ऐकेन. पण दुसरं एक म्हणणं ऐकू येतं, की तळाच्यांना घेतलं तर साखळीची किंमत कमी होते. ते मला मान्य नाही. वरच्या चौघांना थेट उपांत्यपूर्व फेरी मिळते, ती साखळीची किंमत. तळाच्या तिघांकडून शेवटचा सामना काढून घेतल्याने पहिल्याचा मान वाढत नाही. चार वर्षं बाकावर बसलेल्या मुलाचा शेवटचा सामना कुठला, हे त्याला आधी माहीत नसणं आणि तरी आशा असणं, यासाठीच तर मार्च असतो. बॉस्टन कॉलेजच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या मुलीनेही बॅग भरलेली असते.

गेल्या काही वर्षांत बरंच हललं आहे. मेरीलँड कॉन्फरन्स सोडून गेली. स्पर्धा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला जाऊन आली. आपलं मुख्यालय सत्तर वर्षांनी ग्रीन्सबरो सोडून शार्लटला गेलं. त्याच ग्रीन्सबरोतली व्हाइट ओक ही डेनिमची जुनी गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद झाली. तिथल्या जुन्या शटल मागांवर विणलेलं कापड मी हातात घेऊन पाहिलं आहे, किनारीचा धागा मोजला आहे. गिरण्या मला वाचवता येणार नाहीत, इचलकरंजीतल्या नाहीत आणि इथल्याही नाहीत. कॉन्फरन्स अटलांटिकच्या काठावरून कॅलिफोर्नियापर्यंत पसरली, त्यामागे पैशाचं जे गणित आहे ते माझ्या पत्राने बदलणार नाही. तक्त्यात तीन ओळी वाढवणं मात्र आपल्या एका बैठकीचं काम आहे.

जॉबर आता नाहीत. त्यांच्या घरच्यांनी मला त्यांची एक फाइल दिली, तिच्यात दर वर्षीचा तक्ता आहे, पेन्सिलने भरलेला, आमचा संघ बाद झाला तिथे तारीख घातलेली. ते गेल्यापासून तो मी भरते. २०२५ चा तक्ता छापून मी त्यांच्या सवयीने आधी डावीकडे आमचं नाव शोधलं. ते नव्हतं. तो कागद कोराच फाइलमध्ये ठेवला आहे.

पुढच्या मार्चचा तक्ता अठरा ओळींचा छापा. पेन्सिल माझ्याकडे आहे.

आपली नम्र,
एनसी स्टेटची एक माजी विद्यार्थिनी
राली, नॉर्थ कॅरोलायना